खोक्यावर न छापलेला आकडा

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने आपल्या रेडिओवर चालणाऱ्या गाडीतली नेमून दिलेली दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी काढून मित्राकडून उसनी आणलेली तीन घटांची जोडली, आणि चाके अधांतरी धरून ट्रिगर पुरता दाबला, तेव्हा डासाच्या गुणगुणीसारखा बारीक होत गेलेला सूर, मग एक कोरडा खटका आणि मागोमाग जळक्या वार्निशचा वास, अशा क्रमाने मोटरीचा निकाल लागला. तक्रार घेऊन गेलो असता दुकानदाराने खोक्यातल्या पत्रकावर बोट ठेवले. मिनिटाला ५०,००० फेऱ्यांपलीकडे हमी नाही, असे त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत नमूद होते. खोक्यावर मात्र ठळक आकडा एकच: ५,००० केव्ही.

हे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हेत. भार नसताना दर व्होल्टामागे मोटर मिनिटाला किती फेऱ्या घेईल, एवढेच ते सांगतात. फिरणारे चुंबक तारेच्या वेटोळ्यांत उलट विद्युद्दाब निर्माण करतात, आणि तो बॅटरीच्या दाबाला भिडला की वेग वाढायचा थांबतो. ही मर्यादा निसर्गदत्त खरी, परंतु बॅटरी बदलताच ती सरकते. पूर्ण भारलेल्या दोन घटांचे ८.४ व्होल्ट ४२,००० फेऱ्या देतात, तर तीन घटांचे १२.६ व्होल्ट ६३,०००. वेग दीडपट झाला की चुंबकावरचा ताण सव्वादोन पट होतो, हे गणित मुलाला कोणी सांगितलेले नसते. बारा मिलिमीटर व्यासाच्या रोटरच्या कडेवरचा एक ग्रॅम चुंबक त्या वेगाला सुमारे सव्वीस किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढला जातो, आणि त्याला धरून ठेवणार कोण, तर डिंकाचा थर आणि वर गुंडाळलेली धाग्याची पट्टी. उष्णतेचे संकट निराळेच: सामान्य प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसपलीकडे आपले सत्त्व गमावू लागतो.

सबब, केव्हीच्या शेजारी तितक्याच ठळक टाइपात फेऱ्यांची कमाल मर्यादाही छापण्याची सक्ती विक्रेत्यांवर व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतींच्या मैदानात हा विवेक केव्हाच आला आहे. तेथे साडेसतरा वेढ्यांची मोटर आणि शून्य टायमिंगला बांधलेला स्पीड कंट्रोलर, असा वर्गच ठरवून दिलेला असतो. गल्लीत मात्र सारी मुभा. दोन किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरने कोणाच्या नडगीवर आदळली, तर वेगवान गोलंदाजाच्या अख्ख्या षटकाची ऊर्जा तिने एकाच चेंडूत टाकलेली असते.

नवी मोटर आणल्यावर पुतण्याला हा गुणाकार मी कागदावर करून दाखविला. ६३,००० हा आकडा पाहून त्याने ती उसनी बॅटरी आपण होऊन कपाटात ठेवली. किल्ली तेवढी मी माझ्याकडे घेतली.