झीलकऱ्यांची शाळा

ज्यांचे शालेय शिक्षण अवघे दीड दिवसाचे सांगितले जाते, त्या अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत दुकानांच्या पाट्या व चित्रपटांच्या जाहिराती वाचीत अक्षरांशी परिचय केला, १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि पुढे ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिली, ही हकीकत आपण दर जयंतीस कौतुकाने सांगतो; तिच्यातून शिक्षणखात्याने काही बोध घेतल्याचे मात्र दिसत नाही.

तो बोध त्यांच्या शाहिरीतच आहे; पोवाड्याची रचनाच मुळी शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. शाहीर कडवे म्हणतो, झीलकरी ध्रुवपद उचलतात, डफ-तुणतुण्याच्या ठेक्यात तीच ओळ पुनःपुन्हा परतते. आणि ती कंठस्थ झालेल्या मुलापुढे कागदावर ठेवली, म्हणजे पुढचा शब्द त्यास आधीच ठाऊक असल्यामुळे, ज्या जोडाक्षरापाशी तो एरवी वही मिटतो, त्यावरून त्याचे बोट सहज पुढे सरकते. गाणे पाठ होणे म्हणजे वाचता येणे नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून गाण्याबरोबर कागद हवा, आणि यथावकाश त्याच मुलाने आपल्या वस्तीतील कोरड्या नळावर रचलेले कडवे त्याच्याच हाताने लिहवून घ्यावयास हवे. स्वतःच्या कडव्यातली चूक मुले फार तत्परतेने दुरुस्त करतात.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आठवड्यातील एक संध्याकाळ याकरिता मुक्रर करावी, असे आम्ही सुचवितो. ‘शांतता राखा’ ही पाटी तेवढ्यापुरती उतरवून ठेवण्यास आमची हरकत नाही.