अवंतीचा हत्ती

अलंकार शिकवताना अतिशयोक्तीपाशी आलो की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : अतिशयोक्ती आणि थाप यांत फरक काय? आमचे ठरलेले उत्तर असे, की अतिशयोक्तीत मर्यादा ओलांडल्याची जाणीव सांगणाऱ्याला असते तशीच ऐकणाऱ्यालाही असते. थापेत ती फक्त सांगणाऱ्याला असते. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने या उत्तराची परीक्षाच घेतली. मोबाइलवर त्याने एका जुन्या मोटारीची विक्रीची जाहिरात उघडली होती. लाल रंग, जमिनीलगत झुकलेले नाक, दोनच आसने आणि खाली ओळ : भारताची पहिली सुपरकार. गाडीचे नाव डीसी अवंती. "सर, हे काय म्हणायचं? अतिशयोक्ती की थाप?"

आम्ही दोघे मराठी शिकवतो, एक चंद्रपुरात आणि एक गडचिरोलीत. मोटारींच्या यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच. परंतु प्रश्न शब्दांचा होता, आणि तो विचारणारा मुलगा कर्जाचे हप्ते फेडत मोटारसायकल चालवणारा होता. म्हणून उत्तर देणे आम्हांला कर्तव्य वाटले. ते वर्गातल्या तासात मावले नाही. येथे मांडतो आहोत.

प्रथम या गाडीच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलू. मोटारींचे बाह्यरूप पालटण्यात नाव कमावलेले दिलीप छाब्रिया यांनी ही गाडी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांपुढे आणली. अनावरणाला अमिताभ बच्चन होते. विक्री प्रत्यक्षात सुरू व्हायला २०१५ उजाडले. आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी बसवलेले रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती, सहा गिअर, संमिश्र धाग्यांचे हलके अंग. आणि शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आसपास गाठण्याचा दावा. जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर सांगितली गेली. हा आकडा आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कारण ज्याने भारतातला गतिरोधक पाहिला आहे असा माणूसच तो ठरवू शकतो. परदेशी कंपन्यांच्या गाड्या जुळवण्यात ज्या देशाचा वाहन-उद्योग वाढला, तेथे एका लहानशा कारखान्याने मध्यभागी इंजिन असलेली गाडी उभी करून ती रस्त्यावर आणावी, ही गोष्ट क्षुल्लक नाही. तिची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही.

आमचा आक्षेप विशेषणावर आहे. त्याच सुमारास जगात ज्यांना सुपरकार म्हणत त्यांपैकी फेरारी ४५८ ही गाडी ५७० अश्वशक्तीची होती. अवंतीची शक्ती तिच्या निम्म्याहूनही कमी. यावर कोणी म्हणेल, किंमतही पाहा : अवंती सुमारे ३६ लाखांना आणि फेरारी कित्येक कोटींना. युक्तिवाद मान्य, पण मग तुलना त्याच किमतीच्या गाडीशी व्हावी. २०२० मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ या गाडीच्या केवळ २०० प्रती भारतात आणल्या. किंमत सुमारे ३६ लाख, शक्ती २४५ अश्वशक्ती, शंभरचा वेग गाठण्यास ६.६ सेकंद. या गाडीला चार दारे होती, मागे म्हाताऱ्या आईवडिलांना बसता येत होते आणि डिकीत तांदळाची पोती मावत होती. तिला कोणी सुपरकार म्हटले नाही. वेगवान घरगुती गाडी म्हटले. म्हणजे कामगिरी जवळपास तीच, किंमत तीच, आणि फरक राहिला तो रूपाचा व नावाचा. रूपाला मोल नसते असे साहित्याच्या मास्तरांनी तरी म्हणू नये. पण रूपाचे मोल वेगाच्या नावाने वसूल करू नये, इतके आम्ही म्हणू शकतो.

आता हा वेग आमच्या रस्त्यांवर आणून पाहू. चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर. वाटेत जंगल लागते. रानडुक्कर, चितळ आणि कधी वाघही आडवा जातो. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, आणि त्यानंतर उत्तम ब्रेकांनाही लागणारे चाळीसेक मीटर मिळवले, तर गाडी थांबायला सत्तर मीटर हवेत. जवळच्या झोतात दिव्याचा उजेड तेवढा पोचत नाही. मागे २९ डिसेंबर २०१७ रोजी नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने बाजीराव नावाचा वाघ मेला, तो याच हिशेबाने. पुढे आलापल्लीकडे वळलात तर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आणि त्यांनी उखडलेला रस्ता. त्याहून पुढे भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने वर्षानुवर्षे पावसाळ्यात तालुक्याचा संपर्कच तुटत आला आहे. या प्रदेशात सहा सेकंदांत शंभर गाठणारी गाडी सातव्या सेकंदाला काय करील, हा प्रश्न कोणतेही माहितीपत्रक विचारत नाही.

तथापि वेग ही मालकीची एक बाजू झाली. दुसरी बाजू खर्चाची, आणि तिच्यात खरी ग्यानबाची मेख आहे. आमचा एक जुना विद्यार्थी मूल-गडचिरोली रस्त्यावर काळी-पिवळी चालवतो. त्याला आम्ही अवंतीचे चित्र दाखवले. त्याने किंमत विचारली नाही. वेगही विचारला नाही. त्याने विचारले, काच फुटली तर कोठून येईल? क्लच गेला तर कोण खोलील? आणि घेणारा पुढे कोण? मग चित्र परत देत तो म्हणाला, "घेनं सोपं आहे जी सर, पोसनं कठीन."

त्याच्या तीन प्रश्नांना आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नवीन गाडीची किंमत ३६ लाख धरू. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला आजच्या दराने १३ टक्के मोटार-वाहन कर लागतो; म्हणजे चार लाख ६८ हजार रुपये, गाडी दारातून हलण्यापूर्वीच. किमतीच्या ८० टक्के कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता ६० हजारांच्या घरात आणि पाच वर्षांचे व्याज सात लाखांच्या वर. विम्याच्या प्रचलित तक्त्याप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीची विमा-किंमत मूळ किमतीच्या निम्मी उरते, म्हणजे १८ लाख. अपघात झाला तर फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घट धरून विमा कंपनी पैसे देते. वेगळे संरक्षण घेतले नसेल तर उरलेले मालकाच्या खिशातून. जिचे अंगच धाग्यांचे आणि रेझिनचे घडवलेले आहे, तिच्या बाबतीत ही अट केवळ तळटीप राहत नाही.

हे सगळे खर्च कोणत्याही महागड्या गाडीला लागू आहेत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण एक खर्च असा आहे की तो तक्त्यात बसत नाही. ज्या गाडीच्या पाठीशी देशभर पसरलेले दुरुस्तीचे जाळे असते, तिचा मालक एकटा नसतो. मोजक्याच संख्येने निघालेल्या गाडीचा मालक एकटा असतो. पुण्याजवळच्या कारखान्यातून निघालेली गाडी चंद्रपुरात बंद पडली तर मध्ये सातशेहून अधिक किलोमीटर उभे असतात. इंजिन रेनॉचे आहे म्हणून कोणी मिस्त्री हात लावीलही; पण दार, काच, आतले फलक आणि दिवे हे त्या एकाच घराण्याचे. आज अवंती नवीन मिळत नाही. निर्मात्याने हात आखडला की अशी गाडी अनाथ होते, आणि अनाथ गाडीचा बाजारभाव विमा कंपनीचा तक्ता ठरवत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जे उचलली गेली, असा आरोप होता. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, आणि निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून ही गाडी घेतली, त्याला विकताना समोरच्याच्या शंकेचे उत्तर द्यावे लागणार. म्हणून जुनी अवंती स्वस्त दिसली तर आमच्या विद्यार्थ्याने आधी कागद पाहावेत, मग रंग.

नाव अवंती ठेवले, त्याविषयीही थोडे. संस्कृत-मराठीच्या वाचकाला अवंती म्हटले की उज्जयिनी आठवते आणि त्याबरोबर उदयनाची कथा. मेघदूतातही अवंतीचा उल्लेख येतो तो उदयनकथा जाणणाऱ्या खेड्यातल्या वृद्धांसह. ती कथा काय आहे? वत्सदेशाचा राजा उदयन वीणा वाजवून रानटी हत्ती वश करण्यात निष्णात. अवंतीच्या राजाला तो हवा होता. त्याने रानात एक कृत्रिम हत्ती उभा करविला. कथासरित्सागरात या हत्तीच्या पोटात सैनिक दडवलेले आहेत. दुर्मीळ हत्ती दिसला या वार्तेने उदयन वीणा घेऊन गेला आणि पकडला गेला. उदयन मूर्ख नव्हता. हत्तींचे त्याला इतरांहून अधिक ज्ञान होते, आणि अधिक वेडही होते. त्याच्या वेडाच्या मापाने तो हत्ती घडवला होता. जाहिरातीचे शास्त्र याहून वेगळे आम्हांला ठाऊक नाही. गाडीतले काही न कळणारा माणूस अशा गाडीला भुलत नाही. भुलतो तो गाड्यांची चित्रे वहीत चिकटवणारा मुलगा.

आमच्या जिल्ह्यांना खरा हत्ती मात्र परिचयाचा आहे. गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. एके काळी आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके हे हत्ती ओढत. सामर्थ्य म्हणाल तर त्यांच्याइतके कोणाचे? पण त्या सामर्थ्यामागे माहूत आहे, चारा कापणारा आहे, रोज रानात सोडणे आणि शोधून आणणे आहे, पशुवैद्य आहे. हिवाळ्यात त्यांच्या पायांना औषधी वनस्पतींचा गरम लेप दिला जातो. त्याला येथे चोपिंग म्हणतात, आणि तेवढे दिवस हत्तींना सुटी असते. ओंडके ओढण्याचे काम गेले तरी पोसणे सुटले नाही. २०२२ मध्ये हे हत्ती गुजरातेत नेण्याची वार्ता आली तेव्हा येथल्या लोकांनी विरोध केला. हत्ती आपला आहे म्हणणे म्हणजे त्याचे खाणे, दुखणे आणि म्हातारपण आपले आहे म्हणणे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मालकीची ही कसोटी अवंतीला लावली की उत्तर स्पष्ट होते. कामगिरी : किमतीच्या मानाने ठीक, विशेषणाच्या मानाने अपुरी. खर्च : कागदावर दिसतो त्याहून बराच अधिक, कारण पोसण्याची व्यवस्था गाडीबरोबर विकली गेली नाही. ज्याच्यापाशी दुसरी गाडी आहे, पैसा आहे आणि भारतीय वाहन-इतिहासातला एक धाडसी प्रयत्न जपावा अशी हौस आहे, त्याने ती अवश्य बाळगावी. तसे जपणारे हवेतच. पण एकुलती एक गाडी म्हणून, कर्ज काढून आणि त्या ओळीवर विसंबून कोणी ती घेऊ नये.

राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. आम्ही त्याला असे सांगितले : दिल्लीच्या मंडपात, दिव्यांच्या झगमगाटात ते वाक्य उच्चारले गेले तेव्हा ती अतिशयोक्ती होती. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे. तेच वाक्य जेव्हा कर्जाच्या अर्जापर्यंत येते आणि सही करणाऱ्याला त्यातला अलंकार कळत नाही, तेव्हा त्याची थाप होते. शब्द तेच राहतात. ऐकणाऱ्याची जाणीव बदलते. विद्यार्थ्याने मान डोलावली आणि ते छायाचित्र मात्र पुसले नाही. आम्हीही पुस असे म्हटले नाही. चित्र बाळगायला हप्ता लागत नाही.