रणभूमीचे मोल

मराठ्यांच्या १२ दुर्गांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत स्थान मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दुर्गांना तट-बुरूज असतात. रणांगणापाशी असते ती केवळ माती. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचा भर वास्तू व अवशेषांवर आहे. मग उघड्या रणभूमीचे रक्षण कोणी करावे?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हजारो मराठे धारातीर्थी पडले. काला आंब येथे त्यांचे स्मारक आहे; पण तो संग्राम काही एका उद्यानात सामावलेला नव्हता.

अमेरिकेत समुद्रातील तेल-वायूच्या स्वामित्वधनातून रणभूमी खरेदीसाठी अनुदान मिळते. जमीन स्वेच्छेने विकणाऱ्याकडूनच घ्यायची आणि निम्मी रक्कम राज्यांनी वा संस्थांनी उभारायची, असा तेथील दंडक आहे. शेतकऱ्यावर सक्ती नाही आणि समाजालाही जबाबदारीतून सुटका नाही.

असा निधी केंद्राने अवश्य उभारावा. मात्र उरलेला निम्मा भार उचलण्याची आपली सिद्धता आहे काय? पुतळ्यांसाठी वर्गणी देणारे हात त्या मातीच्या एका एकरासाठीही पुढे येतील, तेव्हाच दर संक्रांतीला आपण वाहिलेली आदरांजली सार्थ ठरेल.