हिऱ्याशेजारी कोण?

साखरपुड्याच्या अंगठीत नुसता हिरा? छे! आता हिऱ्यासोबत हवा ‘तिचा’ बर्थस्टोन. आयडिया झकास आहे, पण दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी क्लिअर करा.

पहिली, यादी कुठली? महिन्यांची प्रचलित यादी अमेरिकेतल्या ज्वेलर्सच्या संघटनेनं १९१२ मध्ये ठरवली. आपली राशीरत्नं वेगळी. सप्टेंबरचा खडा म्हणजे नीलम. तिला तो निळा रंग जाम आवडेल, पण ‘शनीचा खडा सगळ्यांना लाभत नाही,’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. हा विषय ऐन साखरपुड्यात निघण्यापेक्षा आधीच बोलून घ्या.

दुसरी, खडा टिकेल का? कठीणपणाच्या मोह्स मापात हिरा १०, नीलम आणि माणिक ९. रोज घालायला एकदम बेस्ट! ऑक्टोबरचा ओपल मात्र साधारण ६, जूनचा मोती जेमतेम अडीच. बॅगेची चेन, बाईकचं हँडल, घासायची भांडी... वर्षभरात चरे पडलेच समजा. त्यापेक्षा ऑक्टोबरसाठी टूर्मलिन घ्या आणि मोती पेंडंटमध्ये घाला.

बिलावर खडा नैसर्गिक की लॅबमधला, हे लिहून घ्या. आणि हो, सरप्राइजचा हट्ट सोडा. अंगठी रोज तीच घालणार आहे, तेव्हा तिला सोबत न्या!