मक्यातील तण आणि मापाचा प्रश्न

पहिल्या पावसावर पेरलेला मका आठवडाभरात उगवून वर येतो, आणि त्याच्याबरोबर, किंबहुना त्याच्या एक पाऊल पुढे, तणही उगवते. शेताबाहेरच्या माणसाला हे सारे हिरवेपण एकसारखेच दिसते. शेतकऱ्याला मात्र त्यात तांदुळजा, काटेमाठ, घोळ, दुधी, कुर्डू, केना आणि सर्वांवर मात करणारे गाजरगवत वेगवेगळे ओळखू येते. मक्याच्या दोन ओळींत साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटरचे अंतर असते. पीक कमरेएवढे होऊन त्याची सावली जमिनीवर पडेपर्यंत ही मोकळी जागा तणाच्याच मालकीची असते. पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस म्हणूनच निर्णायक ठरतात. त्या काळात तणाने खाल्लेले नत्र आणि प्यालेले पाणी पुढे कितीही खत घातले तरी पिकाला परत मिळत नाही.

नेमक्या याच दिवसांत निंदणीला माणूस मिळत नाही. सगळ्या शिवारातील खरीप एकाच वेळी तणात गेलेला असतो, पाऊस उघडीप देत नाही, वाफसा नसल्याने कोळपे चालत नाही. अशा वेळी शेतकरी कृषी सेवा केंद्राची पायरी चढतो, यात त्याचा आळस शोधणे हा शहरी शहाणपणा झाला. कोंबडीखाद्यासाठी मक्याला मागणी होतीच. २०२३-२४ पासून इथेनॉलसाठीही तो मोठ्या प्रमाणावर घेतला जाऊ लागला. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना या पट्ट्यात मक्याचे वजन त्यामुळे वाढले आहे, आणि त्याच्याबरोबर तणनाशकाचेही. तणनाशक वापरावे की वापरू नये, हा वाद परिसंवादांत अद्याप रंगतो. शेतात तो केव्हाच निकालात निघाला आहे. आता प्रश्न उरतो तो ते कसे वापरले जाते आणि चुकले तर त्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा.

आपल्या बोलीत कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक या सर्वांना एकच शब्द आहे: औषध. ‘औषध मारले’ असे शेतकरी म्हणतो. या शब्दात जी सोज्ज्वळता आहे, तिने फार घोटाळा केला आहे. कारण कीड मारणारे औषध पिकाला सहसा बाधत नाही. तणनाशक मात्र मुळातच वनस्पती मारणारे विष आहे, आणि ते मक्याला मारत नाही ते केवळ एका रासायनिक योगायोगामुळे. मक्यात सर्वाधिक वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन हे १९५० च्या दशकाअखेर बाजारात आले. ते पानातील प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडते. मक्याच्या पेशींत त्याला निष्प्रभ करणारी विकरे आहेत, म्हणून मका वाचतो. तांदुळज्यात ती पुरेशी नाहीत, म्हणून तो मरतो. सारा खेळ या फरकावर आणि मात्रेवर उभा आहे.

ही मात्रा किती, हे पाहण्यासारखे आहे. पन्नास टक्के भुकटीच्या स्वरूपातील अ‍ॅट्राझिन मक्यासाठी हेक्टरी एक ते दोन किलो, पाचशे ते सातशे लिटर पाण्यातून, पेरणीनंतर परंतु तण उगवण्यापूर्वी ओलसर जमिनीवर फवारावे, अशी शिफारस आहे. आता ती शेतकऱ्याच्या भाषेत आणू. हेक्टरी दोन किलो म्हणजे एकरी आठशे ग्रॅम. एकरी दोनशे लिटर पाणी धरले, तर पंधरा लिटरचे तेरा-चौदा पंप. म्हणजे एका पंपाला साठ ग्रॅम. त्रैराशिकाचे हे गणित सातवीतील विद्यार्थ्याला यावे. पण भर पावसाळ्यात, चिखलात उभे राहून, हेक्टर, एकर, टक्के आणि लिटर यांची सांगड घालायची, तीही वजनकाटा नसताना, हे काम सोपे नाही. दोनशे लिटर पाणी वाहून आणणेही सोपे नसते. म्हणून शंभर लिटरमध्येच सारे औषध संपवले जाते, काही ओळींवर दुप्पट पडते, काहींवर पडतच नाही. द्रव औषध असेल तर माप ठरते बाटलीच्या झाकणाचे. दुकानदार सांगतो, ‘पंपाला दोन झाकणे.’ कोणत्या बाटलीचे झाकण, आणि कोणत्या पंपाला, हे विचारायचे नसते!

ही मोजमापातील ढिलाई कीटकनाशकात पैशावर निभावते. तणनाशकात ती जमिनीत मुक्काम करते. अ‍ॅट्राझिन जमिनीत काही महिने रेंगाळू शकते. मात्रा वाढली की मक्यानंतर घेतलेल्या हरभऱ्याला, कांद्याला किंवा भाजीपाल्याला त्याची झळ लागण्याचा धोका असतो, आणि तेव्हा शेतकरी बियाण्याला दोष देतो. मक्यात तूर, उडीद किंवा सोयाबीन यांचे आंतरपीक असेल तर हे रसायन वापरताच येत नाही, कारण आंतरपीक हेही त्याच्या लेखी रुंद पानाचे तणच. तणनाशकाच्या सोयीसाठी कित्येक शेतांतून तुरीचा पाटा हळूच नाहीसा होतो. घरच्या डाळीची ही किंमत कोणत्याही पुड्यावर छापलेली नसते.

दुसरे रसायन २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले हे द्रव्य वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानाची वनस्पती त्याने वेडीवाकडी वाढते, पिळवटते आणि मरते. गवतवर्गातील मका योग्य वेळी व योग्य मात्रेत ते सोसतो. पण वारा ज्या दिशेने वाहील त्या दिशेला जर कापूस असेल, तर त्याची पाने भेंडीच्या पानासारखी चिरून अरुंद होतात, आणि त्यासाठी अत्यल्प मात्रा पुरते. द्राक्षवेल आणि टोमॅटो हेही तितकेच नाजूक. नाशिक जिल्ह्यात मका आणि द्राक्षबाग एका बांधाच्या दोन बाजूंना असतात. २,४-डीचे एस्टर रूप उष्ण हवेत वाफ होऊनही सरकते. अमाइन क्षार त्या मानाने स्थिर असतो. हा भेद दुकानात किती वेळा सांगितला जातो? त्यातून पंप एकच. सकाळी तणनाशक, चार दिवसांनी त्याच पंपातून कपाशीवर कीटकनाशक. पाण्याने एकदा खळबळलेल्या टाकीत उरलेला अंशही कपाशीला पुरतो. २०१८ पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आल्यावर तर पंप एकसारखा या कामातून त्या कामात फिरतो आहे. तणनाशकासाठी पंप वेगळा असावा, त्याचे नोझलही वेगळे, चपटा पंखा फेकणारे असावे, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. अल्पभूधारकाने दुसरा पंप आणावा कोठून, हे मात्र कोणी सांगत नाही.

अलीकडे टेम्बोट्रिऑन आणि टोप्रामेझोन ही उगवणीनंतर फवारायची नवी द्रव्ये आली आहेत. त्यांनी तण पांढरेफटक पडते आणि शेतकऱ्याला परिणाम डोळ्यांनी दिसतो. त्यांची मात्रा अधिकच बारीक, किंमत अधिक. मापाचा प्रश्न त्यांच्यामुळे सुटला नाही, उलट तीव्र झाला.

आता माणसाकडे वळू. आपल्या कीटकनाशक कायद्याच्या मुळाशी एक शोकांतिका आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या विषाने दूषित झालेले अन्नपदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कायदा झाला. तणनाशकेही त्याच कायद्याखाली येतात. त्याखालील १९७१ चे नियम वाचले तर कोणालाही समाधान वाटेल: वेष्टनावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण, सोबत प्रादेशिक भाषेतही माहितीपत्रक, फवारणाऱ्याला संरक्षक कपडे आणि शिक्षण, रिकाम्या डब्यांचा पुनर्वापर होऊ नये अशी विल्हेवाट. आणि तरीही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती फवारणी कपाशीवरील कीटकनाशकांची होती, तणनाशकांची नव्हती, हे स्पष्ट करायला हवे. पण पाठीवरचा पंप तोच, उघडे हात तेच, आणि न वाचता आलेले पत्रकही तशाच बारीक टंकातले.

त्या वेळी उमटलेला एक सूर आठवतो: शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. हा सूर सोयीचा आहे. ऑगस्टच्या दमट उन्हात रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला पट्टी, पायांत बूट आणि अंगभर जाड कपडे घालून पाठीवर वीस किलो ओझे घेऊन चिखलातून चालणे हे ज्याने केले नसेल, त्यानेच ‘काळजी’ हा शब्द इतक्या सहज वापरावा. शिवाय फवारणारा बहुधा मजूर असतो; त्याला हातमोजे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि दोन एकरांचा मालक स्वतःच उघड्या हाताने औषध ढवळत असतो. अ‍ॅट्राझिन किंवा २,४-डी यांच्या विषबाधेवर विशिष्ट उतारा नाही. लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णाबरोबर औषधाचे वेष्टन दवाखान्यात नेणे अगत्याचे. एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक गावातील शाळेच्या फलकावर लिहिली गेली, तरी पुष्कळ झाले.

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यात अ‍ॅट्राझिन आणि २,४-डी ही दोन्ही होती. २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्या द्रव्यांवर. ही दोन्ही सुटली. युरोपीय संघाने भूजलातील अंशांमुळे अ‍ॅट्राझिन २००४ मध्ये मागे घेतले. अमेरिकेत ते मक्यावर आजही फवारले जाते. प्रस्तुत लेखकाला सरसकट बंदीचे आकर्षण नाही. उद्या बंदी आली तर निंदणीची टंचाई संपणार नाही, बिनपावतीचा माल मात्र वाढेल. परंतु जे द्रव्य आपण चालू ठेवतो, त्याचे अंश मका पिकवणाऱ्या गावांच्या विहिरींत किती उतरतात, हे नियमितपणे तपासून ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, हे त्या निर्णयाबरोबर आपोआप येणारे बंधन आहे. ते कोणी पाळताना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कृषिचर्चेत हिशेबात धरली जात नाही. निंदणी-खुरपणी हे बायकांचे काम. पावसाळ्याच्या त्या सहा आठवड्यांची मजुरी ही भूमिहीन घरातील बाईच्या हाती स्वतंत्रपणे येणारी रक्कम होती; आणि निंदताना ओट्यात जमणारा तांदुळजा, घोळ, कुर्डू ही त्या घरची संध्याकाळची भाजी होती. फवारणीचे काम पुरुषाकडे गेले. तण मेले, भाजी गेली, मजुरीही गेली. म्हणून तणनाशक नको, असे कोणी म्हणणार नाही. कंबर मोडणारे ते काम कोणत्याही बाईने आयुष्यभर करावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण वाचलेल्या खर्चात तिचा वाटा कोठे गेला, एवढे तरी विचारले पाहिजे.

करता येण्याजोगे थोडे आहे, पण ते उद्यापासून करता येईल. प्रत्येक पुड्यात आणि बाटलीसोबत खुणा केलेले मापपात्र सक्तीचे व्हावे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस, ठळक मराठीत, एकरी किती आणि पंधरा लिटरच्या पंपास किती, हे दोन आकडे असावेत. हेक्टरी मात्रा खुशाल मागच्या बाजूला राहो. गावोगावच्या अवजार बँकांत ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र भाड्याने मिळते. तेथे केवळ तणनाशकासाठी राखून ठेवलेले, निराळ्या रंगाचे चार पंप आणि हातमोज्यांच्या जोड्या ठेवायला असा काय खर्च येतो? विक्रेत्याने पावतीवर पीक, क्षेत्र आणि मात्रा लिहून द्यावी, शेजारी कापूस वा द्राक्षबाग आहे काय हेही विचारावे. जून उजाडण्यापूर्वी कृषी खात्याने निदान मक्याच्या तालुक्यांत एवढी व्यवस्था केली, तर पुढच्या खरिपात झाकणाने औषध मोजण्याची वेळ येणार नाही.