कापड घ्यावे पारखून



माण, आटपाडी, जत भागातील मेंढपाळाच्या खांद्यावरचे घोंगडे हाताला खरखरीत लागते, पण वर्षानुवर्षे टिकते. उलट बाजारातून हौसेने आणलेला मऊसूत ॲक्रिलिकचा स्वेटर महिन्या-दोन महिन्यांत गोळ्यांनी भरून जातो. असे का व्हावे?

कापड घासले की धाग्यातील तंतूंची टोके वर येतात. त्यांची लव होते आणि लव गुंतून गोळ्या बनतात. कापसाचा तंतू त्या मानाने नाजूक, त्यामुळे गोळी बहुधा झडून जाते. ॲक्रिलिकचा किंवा टेरिकॉटमधील पॉलिएस्टरचा तंतू चिवट. तो गोळीला धरून ठेवतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती सहजासहजी गुंतत नाही. शिवाय घोंगड्याला दिलेली चिंचोक्याची खळ तंतू बसवून ठेवते.

गोळ्या येणे वेगळे आणि कापड झिजणे वेगळे. मुंबईच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारख्या, १९५४ सालापासून काम करणाऱ्या संस्थांत अशा तपासण्या होतात. मार्टिनडेल यंत्रावर कापडाचा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरी कापडावर घासतात आणि धागे तुटेपर्यंत किती वेळा घासले ते मोजतात. गोळ्यांसाठी तुकडे नळ्यांवर चढवून, आतून बुचाचे अस्तर असलेल्या पेटीत काही तास फिरवतात. मग ५ ते १ असा क्रमांक देतात. ५ म्हणजे गोळी नाही, १ म्हणजे गोळ्याच गोळ्या.

आपल्याला यंत्राची गरज नाही. पेरणीपूर्वी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो, तसेच हे. गणवेशाचे कापड घेताना दोन-तीन प्रकारांच्या चिंध्या दुकानदाराकडून मागून घ्या. प्रथम धुवा, कारण नव्या कापडाची खळ दोष झाकते. वाळल्यावर प्रत्येक चिंधी त्याच कापडावर सारख्या दाबाने १०० वेळा घासा आणि उजेडापुढे धरा. जिला लव व विरळपणा कमी, ते कापड घ्या.

उसाचे पाचट काढताना घालायला जाड, घट्ट विणीचे सुती कापड बरे. रोजच्या गणवेशाला घट्ट विणीचे, चांगल्या पिळाच्या धाग्याचे टेरिकॉट चालेल. मात्र चुलीपुढे टेरिकॉट नको. पेटल्यास ते वितळून अंगाला चिकटते.

कपडे उलटे करून धुवा, दगडावर ब्रशने खरडू नका. आलेल्या गोळ्या ओढू नका. ओढल्याने आणखी तंतू बाहेर येतात. कात्रीने अलगद कापा. एवढे सांभाळले तर जूनमध्ये घेतलेला गणवेश पोराच्या अंगावर वर्षभर नीट राहील, आणि दिवाळीनंतर पुन्हा खर्चात पडावे लागणार नाही.