वर्षअखेरच्या सभा आणि अर्धशक्तीचा विसर

रोटरी आणि लायन्स या सेवासंस्थांचे वर्ष १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपते. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील सभागृहांत वर्षअखेरच्या सभांची गर्दी असते. रक्तदान व नेत्रतपासणी शिबिरांचा अहवाल, मावळत्या अध्यक्षांचा सत्कार आणि भोजनापूर्वी एखाद्या तंदुरुस्त वक्त्याचे प्रेरक व्याख्यान, हा क्रम आता परिचयाचा झाला आहे. आपल्यापैकी अनेक वैद्य व औषधविक्रेते या संस्थांचे सभासद आहेत. म्हणूनच या व्याख्यानांविषयी येथे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम या वक्त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आपण दिलेला दिनचर्येचा कागद रुग्णाच्या खिशात घडी होऊन राहतो. त्यांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने मात्र सभागृहातील दहा-वीस मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटे पाम बीच मार्गावर उतरतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकची आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावणे! अशा उदाहरणाने श्रोता भारावून गेला तर त्यात नवल नाही. आळसावर असा घाव घालणे आपल्याला क्वचितच साधते, हे मान्य करण्यात संकोच नसावा.

प्रश्न आहे तो श्रोत्याचा. वक्त्याच्या अंगी वर्षानुवर्षांचा अभ्यास मुरलेला असतो. समोर बसलेला गृहस्थ तुर्भ्याच्या बाजारपेठेत पहाटेपासून गादीवर बसलेला किंवा महाप्याच्या कार्यालयात दिवसभर खुर्चीला खिळलेला, वय पन्नाशीच्या पुढे, पोट सुटलेले, मधुमेहाची गोळी चालू. त्याला सांगितले जाते की मर्यादा फक्त मनात असतात. आयुर्वेदाला हे कधीच मान्य नव्हते. मर्यादा शरीरात असतात, अग्नीत असतात आणि ऋतूतही असतात.

वाग्भटाने बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यालाही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले. इतर काळी त्याहून कमी. ही अर्धशक्ती ओळखावी कशी, तेही सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात सांगून ठेवले आहे. हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड ही लक्षणे परंपरेने त्यात जोडली. आधुनिक व्यायामशास्त्रही आज मध्यम श्रमाची खूण अशीच सांगते: बोलता यावे, पण गाता येऊ नये. या खुणेसाठी घड्याळ लागत नाही, यंत्र लागत नाही. इतकी सोपी गोष्ट कोणत्याच व्यासपीठावरून सांगितली जात नाही, याचा दोष वक्त्यांपेक्षा आपल्याकडे अधिक जातो. शक्तीबाहेरच्या साहसाला वाग्भटाने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. त्यात नाश होतो तो सिंहाचा. लायन्सच्या सभेत तरी हा दृष्टान्त आवर्जून सांगावा!

दुसरी अडचण तिथीची आहे. आदानकाळाच्या अखेरीस बल सर्वांत क्षीण झालेले असते आणि पावसाच्या आरंभी अग्नी मंदावतो, वात प्रकुपित होतो. चरकाने वर्षा ऋतूत व्यायाम वर्ज्य मानला आहे. वर्षा ऋतूचे महिने कोणते याबाबत संहितांत मतभेद असतील. कोकणपट्टीत जूनअखेर पाऊस बरसत असतो, त्याला टीकाकारांची साक्ष नको. नेमक्या याच पंधरवड्यात सेवासंस्थांचे वर्ष बदलते आणि नव्या वर्षाचा पहिला संकल्प म्हणून लोक भर पावसात, निसरड्या रस्त्यावर, उपाशीपोटी धावू लागतात. शिकागोत १९०५ साली रोटरीची स्थापना करणाऱ्या पॉल हॅरिस यांच्यासमोर आपला ऋतुक्रम नव्हता, हे खरेच. पण नवी मुंबईतील वैद्याने तरी तो का विसरावा?

औषधविक्रेत्या बंधूंनाही येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. सभेचा परिणाम आठवडाभरात दुकानाच्या फळीवर दिसतो. अश्वगंधा, शिलाजित, च्यवनप्राश यांची मागणी येते आणि मागेल ते दिले जाते. अश्वगंधा उष्ण आहे, आणि मंद झालेल्या अग्नीवर रसायनाचा भार टाकून बल येत नाही, अजीर्ण मात्र होते. ‘भूक कशी आहे? मधुमेह, रक्तदाब आहे का? वैद्यांना दाखवलेत का?’ एवढे विचारण्यास एक मिनिट लागते. त्यात एखादी बाटली कमी खपेल. पण पाठवलेला रुग्ण वैद्याचा सल्ला घेऊन त्याच दुकानात परत येतो, असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमची सूचना अशी. जे वैद्य या संस्थांचे सभासद आहेत, त्यांनी नव्या वर्षाचा कार्यक्रम ठरत असतानाच व्यायामविषयक व्याख्यान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेण्याचा आग्रह धरावा. हेमंतात बलही असते आणि अग्नीही. त्या सभेत वक्त्यानंतर दहा मिनिटे वैद्याला मिळावीत. त्याने प्रकृतिविचार, अभ्यंग आणि अर्धशक्तीची लक्षणे एवढेच सांगावे, संस्कृत वचनांची सरबत्ती करू नये. चाळिशीपुढील सभासदांसाठी रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयाची तपासणी त्याच आठवड्यात ठेवावी. तपासणी शिबिरे भरवण्याचा या संस्थांचा अनुभव मोठाच आहे. जूनमधील सभा चुकवणे शक्य नसेल, तर तेथे पावसाळ्याची दिनचर्या सांगावी: घरातल्या घरात मोजके सूर्यनमस्कार, तेलाचा अभ्यंग, सुंठ घालून उकळलेले पाणी, आणि ऑक्टोबरपर्यंत धावण्याचे बूट कपाटात.